वेगळं व्हायचं तर वाटणी कशाकशाची?

‘आमचा भाग वेगळा करा’ ही मागणी आपण वरचेवर ऐकतो. कुणाला वेगळा तालुका हवा असतो, कुणाला जिल्हा, कुणाला राज्य. जगात कुणी वेगळा देशही मागतं. पण मागणी मान्य झाली की पुढे काय करावं लागतं, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यावर बोलू.

आम्ही माजिवड्याच्या. घोडबंदरचा रस्ता आणि नाशिकचा रस्ता आमच्या नाक्यावर येऊन मिळतात. तलासरीची बाई असो की मोखाड्याची, कलेक्टर कचेरीत काम निघालं की तिला ठाणं गाठावं लागे. शंभरेक किलोमीटर यायचं आणि साहेब जागेवर नसले तर तसंच परत जायचं. मजुरी बुडायची ती वेगळीच.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्याच्या पंधरा तालुक्यांतले आठ वेगळे झाले आणि पालघर जिल्हा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे ते आठ. जिल्हा करायला दिल्लीला जावं लागत नाही. जमीन महसूल कायद्याप्रमाणे राज्य सरकार आधी मसुदा जाहीर करतं, लोकांच्या हरकती घेतं आणि मग पक्की अधिसूचना काढतं. हरकतीची ती मुदत आपल्या कामाची असते, आणि नेमकी तीच आपल्यापर्यंत पोचत नाही.

मुख्यालय जव्हारला व्हावं, अशी तिकडच्या लोकांची मागणी होती. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे राजांचं संस्थान होतं, त्यामुळे ती मागणी काही वावगी नव्हती. मुख्यालय झालं पालघरला. मोखाड्याच्या बाईला आजही घाट उतरूनच जावं लागतं.

पाटी एका दिवसात बदलते, बाकीच्याला वेळ लागतो. पालघर जिल्हा परिषदेची निवडणूक २०१५ मध्ये झाली आणि जिल्हा मुख्यालयाची नवी इमारत सुरू व्हायला २०२१ उजाडलं. नोकरदार, गाड्या, पैसा, कपाटातल्या फायली, सगळ्याची वाटणी करायची असते. अशा वेळी अर्जाची पोच जपून ठेवा आणि आपली फाईल कुठल्या कचेरीत गेली ते लेखी विचारा.

राज्य वेगळं करायचं तर राज्यघटनेचं तिसरं कलम लागतं. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, विधानसभेचं मत विचारतात, पण ते संसदेवर बंधनकारक नसतं. आंध्रच्या विधानसभेने नको म्हटलं, तरी २ जून २०१४ ला तेलंगण झालंच. हैदराबाद मात्र दहा वर्षांपर्यंत दोघांची राजधानी ठेवायचं ठरलं. घरं वेगळी झाली तरी विहीर सामाईक राहते ना, तसंच.

देश सोडून वेगळं व्हायची वाट आपल्या घटनेत नाही. दुसरीकडे दक्षिण सुदानचं उदाहरण बघा. लाखो माणसं युद्धात गेल्यावर २००५ मध्ये करार झाला. जानेवारी २०११ मध्ये लोकांनी मतदान केलं, शंभरातल्या जवळजवळ नव्व्याण्णव जणांनी वेगळं व्हा म्हटलं आणि ९ जुलैला देश झाला. त्याच महिन्यात तो संयुक्त राष्ट्रांचा १९३ वा सभासद झाला. नवं चलनही आलं. पण अब्येई नावाचा भाग कुणाचा, हे ठरायचं राहून गेलं. तेल निघतं दक्षिणेत आणि बंदराला जाणारी नळी उत्तरेतून. नळीच्या भाड्यावरून भांडण पेटलं आणि २०१२ च्या जानेवारीत नव्या देशाने आपलंच तेल काढणं बंद केलं. मतदानाआधी हा हिशेब मिटवायला हवा होता, असं आम्हांला वाटतं.

अशी नळी आपल्याकडेही आहे, तेलाची नाही, पाण्याची. सूर्या धरण पालघर जिल्ह्यात आहे. त्याच्या पाण्याची योजना वसई-विरारसाठी आहे, तशी मीरा-भाईंदरसाठीही आहे, आणि मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात राहिलं. शेताला किती आणि शहराला किती, यावर तिथले आदिवासी शेतकरी भांडत आले आहेत. उद्या तुमच्याकडे वेगळ्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा मसुदा निघाला तर हरकतीच्या अर्जात कचेरी किती लांब पडेल ते लिहाच, आणि धरण कुणाकडे व पाणी कुणाला हेही विचारा.