मेल सर्व्हरची बदली

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख बहुतेकांना विंडोज १० मुळे माहीत झाली. जुना लॅपटॉप टाकायचा की तसाच रेटायचा, याच्या चर्चा घरोघरी झाल्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टच्या आणखी एका उत्पादनाची मुदत संपली आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही: एक्स्चेंज सर्व्हर २०१६ आणि २०१९. मेल दुसऱ्या कुणाकडे न ठेवता स्वतःच्याच ऑफिसातल्या यंत्रावर ठेवणाऱ्या अनेक कंपन्यांचा कारभार या दोन आवृत्त्यांवर चालत आला आहे.

असं यंत्र कुठे असतं? समजा, भोसरीतला चाळीस माणसांचा, सुटे भाग बनवणारा कारखाना. अकाउंट्सच्या खोलीत, चलनांच्या कपाटाशेजारी एक काळा डबा दहा-बारा वर्षं घरघरतोय. तो आत नेमकं काय करतो हे मालकांना ठाऊक नसतं. तो बंद पडला की ऑर्डरी येत नाहीत, एवढं पक्कं ठाऊक असतं. मायक्रोसॉफ्ट पूर्वी छोट्या धंद्यांसाठी ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ विकत असे. लॉगिन, फायली, प्रिंटर आणि मेल, सगळं एकाच मशीनवर, पंचाहत्तर वापरकर्त्यांपर्यंत. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत एक्स्चेंज २०१० होतं, आणि त्या एक्स्चेंजची मुदत १३ ऑक्टोबर २०२० लाच संपली.

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हा मालकांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर २०२१ च्या मार्चमध्ये मिळालं. २ मार्चला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंजमधल्या चार फटी बुजवणारे पॅच तातडीने काढले, कारण हल्लेखोर तोवर आत शिरायला लागले होते. या फटी जोडून वापरल्या की पासवर्डची गरज नव्हती. इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत पोचता आलं की पुरे. शिरलेले लोक आत एक छोटी फाइल ठेवून जात, म्हणजे नंतर पॅच टाकला तरी चोरवाट उघडीच. युरोपियन बँकिंग ऑथॉरिटीला आपली मेलव्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. एप्रिलमध्ये तर एफबीआयने कोर्टाची परवानगी घेऊन अमेरिकेतल्या शेकडो सर्व्हरमधून अशा फायली परस्पर पुसल्या, कारण मालकांनी त्या पुसल्याच नव्हत्या.

नव्या आवृत्तीवर गेलं की झोप लागते, असंही नाही. १ जानेवारी २०२२ ला, नववर्षाच्या पहाटे, जगभरातल्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ मध्ये मेल रांगेत अडकले. व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनतो: साल २२, महिना ०१, दिवस ०१, पुढे ०००१. म्हणजे २२०१०१०००१. तो ठेवायच्या रकान्यात २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावतच नव्हता. आदल्या वर्षीचे सगळे क्रमांक २१ ने सुरू होत, म्हणून ते मावत होते. सिस्टीमवाल्यांनी सुट्टीच्या दिवशी दुरुस्ती केली. फरक एवढाच, की मुदतीतल्या आवृत्तीची दुरुस्ती कंपनीकडून येते; मुदत संपलेलीचं आपलं आपण बघायचं.

सध्याची चालू आवृत्ती म्हणजे जुलै २०२५ मध्ये आलेलं ‘सबस्क्रिप्शन एडिशन’. एक्स्चेंज २०१९ अद्ययावत ठेवलेलं असेल, तर ती एखाद्या मोठ्या अपडेटसारखी आहे त्याच मशीनवर चढते. २०१६ वाल्यांना नवं मशीन घेऊन मेलबॉक्स तिकडे हलवावे लागतात. २०१० वाल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना थेट उडी मारता येत नाही. मध्ये २०१६ वर मुक्काम करायचा, २०१० पूर्ण काढायचं आणि मग पुढे. ही वाट बघून बरेच जण सरळ मायक्रोसॉफ्ट, गूगल किंवा झोहोच्या क्लाउडवर जातात. चाळीस माणसांच्या कारखान्याला बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं ठरतं. पण दरमहा दर माणशी भाडं नको किंवा डेटा आपल्याच छपराखाली हवा, असं म्हणणारे मालकही आहेत.

सगळे घाबरतात ते मेल हरवण्याला. खरं तर ती भीती बरीचशी फोल आहे. समोरचा सर्व्हर मेल लगेच टाकून देत नाही. आपल्याकडे रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणारा २००८ चा दस्तऐवज तर म्हणतो, हा प्रयत्न साधारणपणे किमान चार-पाच दिवस चालू ठेवावा. म्हणजे शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद करून रविवारी सुरू केला, तरी ग्राहकाची ऑर्डर सहसा उशिरा का होईना पोचते.

मेलबॉक्स हलवणंही आता माणसाचं काम थांबवून करावं लागत नाही. सर्व्हर मागच्या मागे नक्कल करतो, शेवटी राहिलेला फरक उचलतो आणि वापरणाऱ्याला फक्त ‘आउटलुक बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढी सूचना येते. घोळ होतो तो डिस्कमध्ये. एक्स्चेंज प्रत्येक बदलाची नोंद एक-एक एमबीच्या लॉग फायलींत करतं. शंभर जीबी मेल हलवले की नव्या मशीनवर अशा साधारण लाखभर फायली जमतात, आणि पूर्ण बॅकअप झाल्याखेरीज त्या सहसा जात नाहीत. डिस्क भरत आली की सर्व्हर बाहेरून येणारे मेल घ्यायचंच थांबवतो. रात्री एकाच वेळी सगळे मेलबॉक्स ढकलून घरी गेलेल्या माणसाला सकाळी हाच फोन येतो.

दुसरा घोळ त्याहून गमतीचा. नवा सर्व्हर नेटवर्कमध्ये बसवताक्षणी तो आपलं नाव डोमेनच्या यादीत नोंदवतो. एकही मेलबॉक्स अजून हललेला नसतो, तरी ऑफिसातली आउटलुकं त्याला विचारायला लागतात, आणि त्याच्याकडे असतं स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र. दुपारी बाराला हे काम काढलं, तर साडेबारापर्यंत प्रत्येक स्क्रीनवर धोक्याची पिवळी खूण झळकते आणि पर्चेसपासून डिस्पॅचपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘व्हायरस आला का हो?’

काही जण हा सगळा व्याप टाळायला शॉर्टकट मारतात. जुने मेलबॉक्स पीएसटी फायलींत काढायचे, नवी व्यवस्था कोरी उभी करायची आणि फायली परत ओतायच्या. दिसायला सगळं जागच्या जागी. सोमवारी कुणीतरी सहकाऱ्याच्या जुन्या मेलला उत्तर देतं आणि ते बाउन्स होतं. नवा मेल लिहिला, तर जातो. कारण एक्स्चेंज ऑफिसातल्या माणसाला @ असलेल्या पत्त्याने ओळखत नाही. आत त्याचा एक लांबलचक वेगळा पत्ता असतो. जुन्या मेलमध्ये आणि आउटलुक आपोआप सुचवतं त्या नावांमध्ये तोच बसलेला असतो. नव्या व्यवस्थेला तो ठाऊक नाही. जुना पत्ता नव्या मेलबॉक्सला जादा पत्ता म्हणून जोडला की प्रश्न मिटतो, पण हे आधी माहीत असावं लागतं.

आणि मग मुकी मंडळी. स्कॅन करून थेट मेल पाठवणारा झेरॉक्स, रोज रात्री हजेरी धाडणारं बायोमेट्रिक मशीन, बॅटरी संपत आल्याचं कळवणारा यूपीएस. यांच्या पोटात जुन्या सर्व्हरचा आयपी पत्ता कुणीतरी कधीतरी टाईप केलेला असतो आणि त्याची नोंद कुठेही नसते. म्हणून अनुभवी माणूस बदली झाल्यावर जुनं मशीन लगेच काढत नाही. आठवडाभर नुसतं बंद ठेवतो आणि कोण ओरडतं ते बघतो.

त्यानंतर ते पुन्हा चालू करून एक्स्चेंज रीतसर अनइन्स्टॉल करायचं असतं. नुसती वायर उपटली तर डोमेनच्या नोंदींत ते मशीन जिवंतच राहतं आणि पुढच्या बदलीला आडवं येतं. अनइन्स्टॉल करताना सेटअप बहुधा एकदा अडतोच: या सर्व्हरवर अजून मेलबॉक्स शिल्लक आहेत. शोधलं तर एखादा असतो नेहमीच्या यादीत न दिसणारा, सिस्टीमचा स्वतःचा. दुसरा कधीच नोकरी सोडून गेलेल्या डिस्पॅचच्या माणसाचा, ज्यावर एका जुन्या ग्राहकाच्या चौकशा अजून येत असतात.