मुलाला विंचू चावला? ठणका कमी झाला म्हणून गाफील राहू नका

रोहा : पेंढ्याच्या उडव्या, सरपणाचे ढीग, कौलांच्या फटी, वीटभट्टीवरच्या विटांच्या थप्प्या. कोकणातल्या लाल विंचवाच्या लपायच्या जागा याच आणि मुलांच्या खेळायच्याही. मोठ्या माणसाला विंचू चावला तर बऱ्याचदा दिवसभराच्या ठणक्यावर निभावतं. तेवढंच विष दहा-बारा किलोच्या पोराच्या अंगात गेलं तर थेट हृदयावर येतं.

गावात समज असा, की ठणका थांबला म्हणजे विष उतरलं. लाल विंचवाच्या बाबतीत हे उलटंही असतं. मूल दुखतंय म्हणून फारसं रडत नाही, पण उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात. मुलग्यांचं लिंग ताठर होतं. ही विष अंगात भिनल्याची खूण. अर्ध्या तासात दिसते, कधी काही तासांनी. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरून धाप लागते.

यावरचा उपाय आपल्याच रायगडात सापडला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा गंभीर विषबाधा झालेल्या शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांनी रुग्णांवर उपचार करताना दाखवून दिलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. वेळेत गोळी मिळालेल्यांमध्ये मृत्यू शंभरात एखाद-दोनवर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बावस्कर बालरोगतज्ज्ञ नाहीत, पण लहान मुलांचे जीव या गोळीने फार वाचले.

म्हणून पहिली धाव जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. गाडी नसेल तर १०८. मांत्रिकाकडे, डाग द्यायला किंवा चिरा मारायला गेलेला तास परत मिळत नाही. 'मोठ्या बालरोगतज्ज्ञाकडेच नेऊ' म्हणून जवळचा दवाखाना ओलांडून जाणंही तितकंच धोक्याचं. पहिला डोस कुठलाही एमबीबीएस डॉक्टर देऊ शकतो. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. अंगणवाडीत नोंदवलेलं वजन माहीत असेल तर सांगावं, कारण डोस वजनावर ठरतो. गोळी मनाने घरी मात्र देऊ नये.

गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं. रडतंय म्हणून आईने उचलून खांद्यावर घेतलं तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. बरं वाटलं तरी डॉक्टर सोडेपर्यंत घरी नेऊ नये.

बालरोगतज्ज्ञांचं खरं काम इथून पुढे. हृदय, श्वास, रक्तदाब यांवर नजर ठेवणं, पुढचे डोस ठरवणं, गरज पडल्यास विंचवाच्या विषावरचं इंजेक्शन देणं, धाप वाढली तर ऑक्सिजन किंवा अलिबागला हलवणं.

रात्री आरोग्य केंद्रात डॉक्टर भेटतील का, ही वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांची शंका काही खोटी नाही. म्हणून आपल्या केंद्रात प्राझोसिन शिल्लक आहे का आणि रात्री कुणाला फोन करायचा, हे आशाताईंना आजच विचारून ठेवावं.