निर्णय घेणारा माणूस वर गेला, त्याची गोष्ट

दुकानात मालकाने कुठे बसावं, याचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत पार बदललं. पूर्वी किराणा दुकान मेम्फिसचं असो वा मुंबईचं, माल काउंटरच्या आत आणि गिऱ्हाईक बाहेर. गल्ल्यावरचा माणूस पैसे घेई, उधारी ठरवी आणि खवट निघालेलं तेलही बदलून देई. १९१६ मध्ये मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ हे दुकान काढलं आणि ही कामं फुटली. गिऱ्हाइकाने ठरलेल्या वाटेने फिरून माल स्वतः उचलायचा, शेवटी पैसे भरायचे. सॉन्डर्स यांच्या १९१७ च्या पेटंटात विक्रीच्या दालनावर सज्जेही आहेत. गिऱ्हाइकाला न अडवता वरून नजर ठेवण्यासाठी. पुढच्या साऱ्या अडचणींची मेख मला तिथेच दिसते. रोखपाल दाराशी राहिला, ठरवणारा वर गेला.

पुढे सज्ज्याची केबिन झाली, केबिनीत कॅमेऱ्यांचे पडदे आले. जून १९७४ मध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावी पहिल्यांदा बारकोडवर बिल झालं, आणि रोखपालाने किंमत लक्षात ठेवायचीही गरज संपत गेली. आज फळीवर एक भाव आणि बिलात दुसरा निघाला, तर ती एक ओळ रद्द करायला बहुतेक ठिकाणी सुपरवायझरचा पासवर्ड लागतो. काउंटरवरची मुलगी हात वर करते, मागची रांग खोळंबते. आणखी एक काउंटर टाकून हे सुटत नाही, कारण तिथूनही हाक त्याच माणसाला जाते. अफरातफर टाळायला दुसऱ्याची संमती हवी, हे खरंच. पण तो दुसरा चार पावलांवर उभा असला तरी तपासणी तेवढीच पक्की होते. दर्शनी जागा महाग, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र परतीचा माल दाराशीच घ्यावा लागतो, नाहीतर तो आतल्या न विकलेल्या मालात मिसळतो. म्हणजे ती जागा जातेच; मॅनेजरचं टेबल तिलाच, बिलिंगच्या रांगेलगत जोडावं. हिशोबाला केबिन राहू द्या, पण महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, मॅनेजरने खालीच असावं. आपल्याकडे भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बिलावर मुदत नसेल तर तीस दिवस धरले जातात. हा हक्क मागायला आलेल्याला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायचं काम पहिल्याच नोकरीतल्या पोरीच्या गळ्यात पडतं, आणि बोलणीही तीच खाते.