धाराशिव ते दुबई : तिकिटावरचे तास आणि दारापासूनचे तास

‘दुबई काय, तीन तासांवर,’ असं उमरगा-तुळजापूर भागात सहज बोललं जातं. विमानापुरतं ते खरं आहे. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. त्याला तीन ते साडेतीन तास लागतात. पण धाराशिवहून मुंबईचा विमानतळ रस्त्याने चारशे किलोमीटर, म्हणजे आठेक तास. वर आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. उंबरठा ओलांडल्यापासून दुबईत बाहेर पडेपर्यंत पंधरा-सोळा तास धरावेत.

परदेशी जायचं तर मुंबईच, हाही पक्का समज. धाराशिवच्या धावपट्टीवरून नियमित प्रवासी विमान नाही, हे खरं. पण पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. उमरग्याच्या माणसाला तर हैदराबाद जवळ, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. तिथून दुबईचं हवाई अंतर सुमारे २,५५० किलोमीटर, म्हणजे विमानात पाऊण तास जादा. मात्र रस्ता मुंबईच्या निम्म्याहून कमी. तिकीट चार पैशांनी महाग असलं तरी गाडीभाडं धरून हिशेब करावा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वेळ वाचताना. समजा, तिकिटावर मुंबईहून ०४:२०ला निघून ०६:०५ला दुबई असं लिहिलंय. वजाबाकी केली की पावणेदोन तास येतात. पण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. प्रवास सव्वातीन तासांचा. परतीला २२:१०ला निघून ०२:४५ला मुंबई, तर साडेचार तासांहून जास्त वाटतात. दीड तास वजा केला की तीन तास पाच मिनिटंच उरतात.

येताना खरोखरच थोडा कमी वेळ लागतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, असं काहीजण म्हणतात. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या विमानाला १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जमिनीवरचा वेग ७५०, पाठीमागून आला तर ९५०. एवढ्या अंतरात अर्ध्या तासाचा फरक पडतो.

आणि तारीख! तिकिटावर १५ तारीख, ००:४० असेल तर १४ तारखेच्या संध्याकाळी घरातून निघून चालत नाही. १४ला रात्री साडेनऊला विमानतळाच्या दारात असायला हवं, म्हणजे धाराशिवहून दुपारी एकच्या आतच गाडी सुटली पाहिजे. १५च्या रात्री पोचलेल्याचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि त्या तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.