मध साठवताना उष्णता टाळा

मध वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून तो कुठेही ठेवला तरी चालतो असा समज आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला मध चांगल्या भावाच्या अपेक्षेने मे अखेरपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहतो. गुणवत्तेचे सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते.

मध आम्लधर्मी असतो. उष्णतेमुळे त्यातील फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युराल (एचएमएफ) हा घटक तयार होतो. ताज्या मधात तो अत्यल्प असतो. त्याचे प्रमाण किलोमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत पोचण्यास ३० अंश सेल्सिअस तापमानाला साधारण १०० ते ३०० दिवस लागतात. ४० अंशांना हा काळ २० ते ५० दिवसांवर, तर ५० अंशांना जेमतेम ४ ते ९ दिवसांवर येतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याखालचे तापमान लक्षात घेतले, तर दोन महिने किती महागात पडतात हे कळेल. भारतीय मानकांनुसार कमाल मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. वाढलेले एचएमएफ मध नंतर थंड जागी ठेवल्याने कमी होत नाही. शिवाय आम्लाने विघटन केलेल्या साखरेच्या पाकातही एचएमएफ जास्त असते. त्यामुळे प्रामाणिक मधपाळाच्या शुद्ध मधावरही भेसळीचा संशय येतो आणि लॉट परत येतो.

मधाची वाहतूक रात्री किंवा पहाटे करावी. दुपारी थांबावे लागल्यास गाडी सावलीत उभी करावी. काळी ताडपत्री थेट कॅनवर टाकू नये, मध्ये हवा खेळेल एवढी जागा ठेवावी. साठवणीसाठी पत्र्याच्या शेडपेक्षा जाड भिंतीची, अंधारी, कोरडी खोली केव्हाही चांगली.

पावसाळ्यात प्रश्न ओलाव्याचा असतो. मध हवेतील बाष्प शोषून घेतो. पाणी २० टक्क्यांच्या वर गेले की तो आंबण्याची शक्यता वाढते, फेस येतो, झाकण फुगते. सातेरी माशांच्या मधात मुळातच पाणी जास्त असते, त्यामुळे घाटमाथ्यावरील मधपाळांनी अधिक जपावे. मेणाने बंद झालेल्या पोळ्यांतीलच मध काढावा आणि भरण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरने पाणी तपासावे. कॅन फूड ग्रेड प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे, पूर्ण कोरडे व घट्ट झाकणाचे असावेत. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे डबे नकोत, आम्लामुळे त्यातील जस्त मधात उतरते. कीटकनाशकाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी वापरू नये.

मोहरी, सूर्यफुलाचा मध लवकर गोठतो. ती भेसळ नव्हे, हे ग्राहकाला आधीच सांगावे. मात्र मध अर्धवट गोठल्यास वरच्या पातळ थरात पाण्याचे प्रमाण वाढते व तो आधी आंबतो. असा मध विस्तवावर ठेवू नये. ४० ते ४५ अंश तापमानाच्या पाण्यात कॅन ठेवून, अधूनमधून ढवळत, विरघळेपर्यंतच गरम करावा. प्रत्येक कॅनवर काढणीची तारीख आणि फुलोरा लिहून ठेवावा, म्हणजे जुना मध आधी विकता येतो.