सुफळ, पण संपूर्ण नव्हे

कोरियन मालिकांना ‘परीकथा’ म्हणून निकालात काढणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. या मंडळींनी पहिले दोन भाग पाहिलेले असतात, शेवटचे दोन नाहीत.

सुरुवात तर रडारडीचीच होती. १९९५च्या ‘सँडग्लास’मध्ये नायक फासावर जातो आणि ती शिक्षा मागणारा सरकारी वकील त्याचाच जिवलग मित्र असतो. २०००च्या ‘ऑटम इन माय हार्ट’मध्ये नायिका रक्ताच्या कर्करोगाने जाते. त्याच दिग्दर्शकाने, युन सोक-हो यांनी, २००२च्या ‘विंटर सोनाटा’त प्रेमिकांची गाठ घातली खरी, पण नायकाची दृष्टी गेल्यावर. शनिवार-रविवारच्या पन्नासभागी कौटुंबिक मालिकांत भांडण, दिलजमाई, लग्न, पाळणा. पुढे जाऊ.

माझा जीव अडकला तो २००५च्या ‘माय नेम इज किम साम-सून’मध्ये. तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, जिभेने फटकळ अशी ही केक करणारी बाई. शेवटच्या भागाचं रेटिंग ५० टक्क्यांवर गेलं. सगळे अक्षता हातात घेऊन बसलेले, आणि लेखिका किम दो-उ लग्न लावतच नाहीत! नायकाच्या आईचा नकार कायम. उद्या ताटातूट होईलही, हे साम-सूनला पक्कं ठाऊक आहे. तरी आज मन लावून केक करायचे आणि जीव लावून प्रेम करायचं, एवढं तिचं ठरलेलं. या शेवटाला ‘अर्धवट’ म्हणणाऱ्यांशी मी तावातावाने भांडलो आहे, आजही भांडेन. सगळं मिळणं म्हणजे सुख, ही समजूत तिथे मोडली.

तीच जात २०१८च्या ‘माय मिस्टर’ची. कर्जाने पिचलेली जी-आन आणि मध्यमवयीन इंजिनिअर दोंग-हून काही काळाने सोलमध्ये अवचित भेटतात, हस्तांदोलन करतात, बस्स. दोघंही आता बरी आहेत, हाच गोड शेवट. पार्क जी-उन यांच्या ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मध्ये प्रेमिकांना वर्षातले दोन आठवडे मिळतात, तेही स्वित्झर्लंडमध्ये. कोरियाची फाळणी लेखिकेच्या लेखणीने थोडीच मिटणार! त्यांच्याच २०२४च्या ‘क्वीन ऑफ टीअर्स’चा सुखी संसार थेट २०७४ साल कोरलेल्या थडग्यापर्यंत जातो.

आता मात्र स्ट्रीमिंगवाल्यांना शेवटच नको आहे. ‘स्क्विड गेम’च्या पहिल्या पर्वात नायक विमानाच्या दारातून माघारी वळला, तेव्हाच पुढच्या दुकानाची सोय दिसली. टीआरपी संपेपर्यंत न संपणाऱ्या आपल्या मराठी मालिकांना मी याच कारणासाठी नावं ठेवत आलो. कोरियाकडूनही तेच पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं. त्यात २०२४ मध्ये १६ भागांची साम-सून छाटून ८ भागांत बसवली गेली. घाईच्या प्रेक्षकांसाठी, म्हणे.

वाचकहो, पाहायची तर जुनी, सोळा भागांचीच पाहा. तो शेवट गोड का, हे आधीचे पंधरा भाग भोगल्याशिवाय कळत नाही.