वीर्यातील एच.आय.व्ही. : काही रूढ समजुतींची शहानिशा

ज्या रोगाचा संबंध स्त्रीपुरुषांच्या एकांताशी येतो, त्याविषयी माणसे उघडपणे विचारीत नाहीत, आणि जे विचारले जात नाही त्याचे उत्तर अखेर अंदाजानेच ठरते. पुरुषाच्या जननमार्गातील एच.आय.व्ही.चा मुक्काम हा असाच अंदाजांच्या हवाली झालेला विषय आहे. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातील पहिली लागण उजेडात आणली. पुढे निरोधाच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर रंगल्या. परंतु विषाणू वीर्यात नेमका येतो कोठून, हा साधा तपशील त्या भिंतींवर काही कोणी लिहिला नाही, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ त्याच तपशिलाच्या अभावात आहे.

सर्वांत मुरलेला समज असा की, वीर्य म्हणजे शुक्रजंतू, आणि विषाणू त्या शुक्रजंतूंमध्येच दडून बसतो. वस्तुतः वीर्याच्या एकूण परिमाणात शुक्रजंतूंचा हिस्सा शंभरात दोन ते पाच इतकाच असतो; सुमारे दोन-तृतीयांश द्रव वीर्यकोशांतून येतो आणि उरलेल्यातला बहुतांश प्रोस्टेट ग्रंथीतून. विषाणूही याच द्रवात मोकळा तरंगत असतो, किंवा त्या द्रवाबरोबर वाहत येणाऱ्या पांढऱ्या पेशींत, म्हणजे टी-लसिकापेशी व महाभक्षी पेशी यांच्यात, वस्ती करून असतो. पेशीत शिरण्यासाठी त्याला सीडी-४ नावाच्या ज्या प्रथिनाचा आधार लागतो, ते शुक्रजंतूच्या पृष्ठभागावर आढळत नाही, असे बहुसंख्य संशोधकांचे मत आहे. विषाणू शुक्रजंतूला बाहेरून चिकटू शकतो काय, यावर वाद झडले असले तरी संसर्गाचा मुख्य वाहक म्हणून शुक्रजंतूकडे बोट दाखविण्यास पुरेसा आधार मिळालेला नाही.

हा एक मुद्दा ध्यानी घेतला म्हणजे पुढच्या कित्येक समजुती आपोआप ढासळतात. नसबंदी झालेल्या पुरुषाकडून लागण होत नाही, ही समजूत त्यांपैकी पहिली आणि माझ्या मते सर्वांत घातक. कारण तिला शस्त्रक्रियेच्या दाखल्याचे पाठबळ असते आणि घरात निरोध वापरण्याचे कारणच उरले नाही असे पतिपत्नी दोघेही प्रामाणिकपणे मानतात. नसबंदीत शुक्रवाहिनी बांधली जाते, त्यामुळे वृषण आणि अधिवृषण यांच्याकडून येणारा प्रवाह थांबतो. वीर्यकोश, प्रोस्टेट आणि मूत्रमार्ग हे त्या गाठीच्या पलीकडे असल्याने त्यांचे कामकाज पूर्ववत चालते. नसबंदी झालेल्या बाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणू आढळल्याची नोंद संशोधकांनी केलेली आहे.

दुसरी समजूत बापाकडून थेट अपत्याकडे रोग जातो ही. 'बापाला आहे म्हणजे मुलाला असणारच' हे वाक्य अनेक घरांत फैसल्यासारखे उच्चारले जाते आणि मग त्या मुलाच्या ताटवाटीपासून शाळेपर्यंत सर्व गोष्टींना त्याची झळ लागते. बालकाला हा संसर्ग जन्मतः मिळतो तो आईकडून: गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा पुढे स्तनपानातून. आई संसर्गमुक्त राहिली तर, पित्याची स्थिती काहीही असो, अपत्य या संसर्गाशिवायच जन्मते.

विषाणू शुक्रजंतूत नसून द्रवात व पांढऱ्या पेशींत असतो, याच ज्ञानावर इटलीतील मिलान येथील डॉ. ऑगुस्टो सेम्प्रिनी यांनी एक धाडसी तजवीज केली. पती बाधित आणि पत्नी संसर्गमुक्त अशा जोडप्यांना मूल हवे असे. तेव्हा वीर्य यंत्रात वेगाने फिरवून द्रव आणि पांढऱ्या पेशी बाजूला काढायच्या, आणि स्वच्छ माध्यमात आपल्या बळावर पोहत वर येणारे शुक्रजंतू तेवढे गर्भधारणेसाठी घ्यायचे, असा तो विधी. १९९० साली अमेरिकेत अशाच प्रकारे प्रक्रिया केलेल्या वीर्याने एका स्त्रीला लागण झाल्याचे प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे वैद्यकविश्वात या खटाटोपाकडे संशयाने पाहिले जाई. सेम्प्रिनींनी १९९२ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले, त्यांत एकाही स्त्रीला बाधा झालेली नव्हती. आणि पुढे युरोपातील अनेक केंद्रांनी हजाराहून अधिक जोडप्यांचे, तीन हजारांहून अधिक प्रयत्नांचे जे एकत्रित हिशेब २००७ साली मांडले, त्यांतही स्त्रियांना लागण झाल्याचे आढळले नाही. विषाणू शुक्रजंतूतच असता तर असे धुणे सर्वस्वी निष्फळ ठरले असते.

स्खलनापूर्वी बाजूला झाले की निभावते, हाही असाच एक भ्रम. स्खलनाआधी पाझरणाऱ्या चिकट द्रवातही बाधित पेशी सापडल्याचे १९९२ सालीच दाखविण्यात आले आहे; त्यावर अधिक काही बोलण्याची गरज नाही.

आता उलट दिशेचा प्रश्न. 'स्त्रीकडून पुरुषाला सहसा होत नाही' असे समजून चालणारे पुरुष पुष्कळ आहेत. संभव कमी असतो हे खरे, पण शिश्नाग्रावरील त्वचेची आतली बाजू नाजूक असते आणि विषाणूला हव्या असलेल्या पेशी तेथे विपुल असतात. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्या पुरुषांच्या पाहणीत सुंता झालेल्यांना, म्हणजे ती त्वचा काढलेल्यांना, लागण लक्षणीय प्रमाणात कमी होते असे २००४ साली दिसून आले. त्यानंतर दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांनी पुरुषाचा धोका निम्म्याहून थोडा अधिक घटतो हे पक्के केले. परंतु यावरून 'सुंता केली म्हणजे काळजी मिटली' असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात: युगांडातील राकाई येथेच, आधीपासून बाधित असलेल्या पुरुषांची सुंता करूनही त्यांच्या पत्नींचा धोका घटला नाही, असे २००९ साली निष्पन्न झाले. वीर्यातील विषाणू त्या त्वचेवर अवलंबून नसतो, हे यातून उघड आहे.

जननमार्गाला दुसरा एखादा गुप्तरोग जडला असेल तर मात्र चित्र पालटते. मलावी देशातील १९९७ सालच्या एका अभ्यासात, मूत्रमार्गाला दाह झालेल्या बाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे प्रमाण इतर बाधितांच्या सुमारे आठपट आढळले, आणि परम्यासारख्या रोगावर प्रतिजैविके देताच ते उतरले. लघवीला जळजळ होते म्हणून दुकानदाराकडून दोन गोळ्या घेऊन गप्प बसणाऱ्या पुरुषाला हे ठाऊक असणे फार अगत्याचे आहे.

राहिला तो सर्वांत नाजूक मुद्दा. 'रक्तात विषाणू सापडत नाही, पण वीर्यात तो असणारच' अशी धास्ती एच.आय.व्ही.वरील औषधे नियमित घेणाऱ्या जोडप्यांनाही सोडीत नाही, आणि खरे सांगायचे तर ती सर्वस्वी निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. वृषणातील पेशींची घट्ट वीण रक्तातून येणाऱ्या द्रव्यांना अटकाव करते. काही औषधे तेथे पुरेशी पोहोचतात, काही कमी. आणि रक्त निर्मळ असताना क्वचित वीर्यात विषाणूचे अल्प अंश दिसल्याचेही आढळून आले आहे. अशा अल्प अंशांनी प्रत्यक्षात लागण होते काय, याचा निवाडा मात्र प्रयोगशाळेतील नळीत होत नाही. तो जोडप्यांच्या वर्षानुवर्षांच्या आयुष्यातच करावा लागतो. असा निवाडा झालेला आहे. एकजण बाधित व दुसरा संसर्गमुक्त अशा १,७६३ जोडप्यांना नऊ देशांत घेऊन जी चाचणी झाली, तीत पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही होती. बाधित जोडीदाराला औषधे लवकर सुरू केल्याने त्याच्याकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ साली जाहीर झाले, आणि २०१६ सालच्या अंतिम हिशेबात, विषाणू स्थिरपणे दबलेला असताना जोडीदाराकडून लागण झाल्याचा एकही दाखला निघाला नाही. युरोपातील पाहण्यांचा कौलही हाच: प्रथम सुमारे ५८ हजार आणि नंतर, पुरुष-पुरुष जोडप्यांत, सुमारे ७६ हजार निरोधाविना संबंधांच्या नोंदींत, दबलेल्या विषाणूमुळे झालेली लागण शून्य. वीर्यात कधीमधी दिसणारे ते अंश म्हणजे लागण नव्हे, असे मी या आकड्यांवरून समजतो.

ही हमी अटींसह आहे. विषाणू दबण्यास औषधे सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांपर्यंत अवधी लागू शकतो, म्हणून ही औषधे देणाऱ्या आपल्या शासकीय ए.आर.टी. केंद्रांत व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, पहिली तपासणी सहाव्या महिन्यात, दुसरी बाराव्या महिन्यात आणि मग वर्षातून एकदा ठेवलेली असते. त्या अवधीत निरोध चालू ठेवणेच इष्ट. गुप्तरोगांपासून आणि नको असलेल्या गर्भापासून या गोळ्या संरक्षण देत नाहीत. आणि गोळ्या खंडित झाल्या तर, शरीराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सुप्त राहिलेला विषाणू बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात, आणि रक्ताबरोबर वीर्यातही, दिसू लागतो.